वाचकांचे प्रश्न : युद्धात सापडलेल्या देशापर्यंत मदत पोचते कशी?

युक्रेनला मिळणाऱ्या लष्करी मदतीवर गेल्या अंकात आम्ही एक टिपण छापले होते. पोलंडमधला रझेशुव-यासिओन्का विमानतळ, जर्मनीतल्या वीसबाडेन इथले नाटोचे समन्वय केंद्र आणि तिथून पुढे सीमेपार जाणारा माल, एवढाच त्याचा आवाका होता. त्यावर वडोदऱ्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. रेल्वे, ट्रान्सफॉर्मर आणि यंत्रकामात हयात गेलेली माणसे इथे घरोघरी आहेत, त्यामुळे प्रश्नही नेमके आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (प्रतापनगर) : युक्रेनचे रूळ वेगळ्या मापाचे म्हणून सीमेवर माल अडतो, असे आपण लिहिले. फरक जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा. तिसरा रूळ टाकून प्रश्न मिटवता येत नाही का?

फरक इतका कमी आहे, हीच खरी अडचण आहे. पोलंड-जर्मनीत दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, युक्रेनमध्ये १५२०. तिसरा रूळ टाकायचा तर तो शेजारच्या रुळापासून ८५ मिलिमीटरवर बसला पाहिजे. पण जड मालगाडीच्या रुळाचा नुसता पायाच १५० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, म्हणजे दोन रुळांचे पाय एकमेकांवर चढतात. मग तिथे चार रूळ टाकावे लागतात, आणि सांधे बदलण्याच्या जागी ते प्रकरण फार किचकट होते. आपल्या डभोईच्या ७६२ मिलिमीटरच्या छोट्या गाडीत आणि १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये ९१४ मिलिमीटरचा फरक होता. तिथे तिसऱ्या रुळाला ऐसपैस जागा होती.

सीमेवर मग बोगी (वाघिणीखालचा चाकांचा गाडा) बदलतात किंवा माल एका गाडीतून दुसरीत हलवतात. बोगी बदलायची तर वाघीण जॅकवर उचलायची, १४३५ च्या बोग्या खालून ओढून काढायच्या आणि १५२० च्या सरकवायच्या. एवढ्यावर भागत नाही. युरोपी वाघिणीला दोन बफर आणि स्क्रू कपलिंग असते, युक्रेनी वाघिणीला एसए-३ नावाचा आपोआप जुळणारा कपलर. त्यामुळे दोन्ही टोकांना दोन तऱ्हांची जोडणी असलेली वाघीण मध्ये घालावी लागते, आणि अशा वाघिणी मोजक्याच असतात. म्हणून सुटा माल बहुतेक वेळा क्रेनने किंवा फोर्कलिफ्टने या गाडीतून त्या गाडीत घालणेच सोयीचे पडते. पोलंडमध्ये एक जुनी वेगळी वाटही आहे. युक्रेनच्या सीमेपासून कातोवित्सेजवळच्या स्वावकुवपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर १५२० मापाचाच एकेरी मार्ग जातो. लोहखनिज आणि गंधकाच्या वाहतुकीसाठी तो १९७९ मध्ये सुरू झाला. विद्युतीकरण नाही, पण युक्रेनशी होणाऱ्या एकूण मालवाहतुकीला त्याचा मोठा आधार आहे.

रणगाडा तुलनेने सोपा. तो स्वतःच्या पट्ट्यांवर वाघिणीवरून उतरतो आणि पलीकडच्या वाघिणीवर चढतो. पण बांधणीत कुचराई चालत नाही. पार्किंग ब्रेक, नळीचे कुलूप, पट्ट्यांना पुढेमागे पाचर, मग चार कोपऱ्यांतून तिरप्या साखळ्या. गाडी थोडे अंतर चालली की साखळ्या हमखास सैल पडतात, कारण वाघिणीच्या स्प्रिंगा आणि रणगाड्याचे सस्पेन्शन दोन्ही बसतात. ती दुसरी तपासणी राहिली की वळणावर ६० टनांचा डोलारा सरकतो. जर्मन लेपर्ड-२ रणगाडा बाजूच्या कवचपट्ट्यांसकट पावणेचार मीटर रुंद आहे. युरोपातल्या ठरलेल्या मालचौकटीत (रेल्वेवरच्या मालाच्या कमाल रुंदी-उंचीत) तो बसत नाही, म्हणून कवचपट्ट्या उतरवाव्या लागतात किंवा पूल, बोगदे आणि फलाट तपासून खास मार्ग आखावा लागतो. गोळ्यांच्या पॅलेटला मात्र स्वतःचे पाय नाहीत. सीमेवर खरा वेळ तिथे जातो.

प्रश्न (मकरपुरा) : १५५ मिलिमीटर हे नाटोचे ठरलेले माप. मग एका देशाचा गोळा दुसऱ्या देशाच्या तोफेत चालत नाही, अशी तक्रार का होते?

१५५ हे फक्त नळीच्या भोकाचे माप आहे. आपण ज्याला गोळा म्हणतो, तो तोफेपाशी चार वेगवेगळ्या नगांत येतो : गोळा, त्याच्या टोकावर बसणारा, तो केव्हा फुटावा हे ठरवणारा फ्यूज, मागून ढकलणारा दारूचा चार्ज आणि तो पेटवणारा प्रायमर. चारही वेगळ्या पेट्यांत आणि धोक्याच्या वेगळ्या गटांत मोडतात. फ्यूज न बसवलेले गोळे आठच्या पॅलेटवर उभे बांधलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला उचलण्यासाठी लोखंडी कडीचा प्लग असतो. तो फिरवून काढायचा, आतली पोकळी स्वच्छ आहे का बघायची आणि मगच फ्यूज बसवायचा. एका गोळ्याचे वजन ४३ ते ४७ किलो, म्हणजे पॅलेट पावणेचारशे-चारशे किलोच्या घरात. गोळे आले आणि फ्यूजचा ट्रक मागे राहिला, तर तोफेपाशी नुसते लोखंड पडून राहते. चारही नग एकाच दिवशी एकाच ठिकाणी जुळवणे, हे दारूगोळ्याच्या वाहतुकीतले सर्वांत कष्टाचे काम आहे.

आता तोफेकडे या. अमेरिकी एम-७७७ ची नळी ३९ कॅलिबर लांबीची, म्हणजे भोकाच्या मापाच्या ३९ पट आहे, जर्मन पँझरहाउबित्से २००० आणि फ्रेंच सेझार यांची ५२. ५२ च्या तोफांचा दारू पेटण्याचा कप्पा नाटोच्या करारानुसार २३ लिटरचा, ३९ वाल्यांचा साधारण १९ लिटरचा. आपल्या स्वदेशी एटॅग्स तोफेचा तर २५ लिटरचा आहे. मोठ्या कप्प्यासाठी बनवलेला पूर्ण चार्ज लहान कप्प्यात घातला तर दाब मर्यादेबाहेर जातो, आणि उलट केले तर पल्ला तुटतो. म्हणून प्रत्येक तोफ, गोळा आणि चार्जच्या जोडीला स्वतःची मारा-सारणी, म्हणजे कोणत्या कोनात गोळा किती लांब जाईल याचा तक्ता, लागते. ती सारणी तोफेच्या संगणकात भरलेली नसेल तर गोळा उडतो, पण किती पुढे पडेल याचा भरवसा राहत नाही. दारूचे तापमानही धरावे लागते. नाटोच्या सारण्या २१ अंश सेल्सिअसवर बेतलेल्या, जुन्या सोव्हिएत सारण्या १५ अंशांवर. थंडीत गारठलेली दारू गोळ्याला कमी वेग देते. एकाच माऱ्यात दोन वेगळ्या लॉटचे (एका खेपेत बनलेल्या मालाचे) चार्ज मिसळले तर गोळे मागेपुढे विखुरतात. त्यामुळे लॉट क्रमांकानुसार पॅलेट वेगळे ठेवण्याची शिस्त कोठारापासून खंदकापर्यंत पाळावी लागते. घाईत रात्री उतरवताना हीच शिस्त आधी मोडते.

रणगाड्यांचा गुंता याहून ठळक आहे. ब्रिटनच्या चॅलेंजर-२ ची तोफ १२० मिलिमीटरची, लेपर्ड-२ आणि अमेरिकी एब्रॅम्सची पण १२०. तरीही चॅलेंजरच्या नळीत आटे (गोळ्याला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) आहेत, बाकी दोघांची नळी गुळगुळीत आहे. त्यामुळे ब्रिटिश गोळा त्या दोघांत चालत नाही आणि त्यांचा चॅलेंजरमध्ये चालत नाही. लेपर्ड-१ तर १०५ मिलिमीटरवरच आहे. म्हणजे ‘पाश्चात्त्य रणगाडे’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या दारूगोळ्यांची साखळी चालवावी लागते.

एक साधा हिशेब देतो. दिवसाला ५००० गोळे उडत असतील तर नुसते गोळेच सव्वादोनशे टन. चार्ज आणि त्यांचे लोखंडी डबे, फ्यूज, पॅलेट धरले की साडेतीनशे टनांच्या आसपास जाते. २० टनांचे सतरा-अठरा ट्रक, रोज, न चुकता. शिवाय ते सगळे एका ताफ्यात, एका रस्त्याने पाठवता येत नाहीत.

प्रश्न (फर्टिलायझरनगर) : इतका दारूगोळा सीमेजवळ एकत्र साठवणे धोक्याचे नाही का?

एकत्र साठवतच नाहीत. आपण रासायनिक कारखान्याच्या वसाहतीत राहता, तेव्हा हे चटकन पटेल. कोठाराची मर्यादा मालाच्या एकूण वजनावर ठरत नाही, आतल्या निव्वळ स्फोटकावर ठरते. आठ गोळ्यांच्या पॅलेटमध्ये, गोळ्याच्या प्रकारानुसार, साधारण ५० ते ९० किलो स्फोटक असते. सुरक्षित अंतर त्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे माल आठपट झाला तर अंतर दुप्पट लागते. ढिगाऱ्यांमध्ये इतके अंतर आणि मातीचे बांध ठेवतात की एक ढीग उडाला तरी शेजारचा पेटू नये. मोकळे फ्यूज आणि डिटोनेटर गोळ्यांच्या कोठारात ठेवत नाहीत. या सगळ्यामुळे जागा फार लागते, आणि माल जितका लवकर पुढे सरकेल तितके बरे.

प्रश्न (रावपुरा) : अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले. ते पैसे युक्रेनच्या हातात पडतात का?

लष्करी मदतीतला बराचसा पैसा अमेरिकेतच खर्च होतो. मुख्य रस्ते दोन. पहिला, १९६१ च्या परदेशी साहाय्य कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष आपल्याच लष्कराच्या कोठारातून माल काढून देतात. हा माल काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघू शकतो, आणि मंजूर पैसा कोठार पुन्हा भरण्यावर जातो. दुसरा, कारखान्याकडे नवी मागणी नोंदवून. त्यात महिने नव्हे, कधी वर्षे जातात. जुलै २०२५ पासून तिसरा रस्ताही निघाला आहे. युक्रेनने गरजांची यादी द्यायची, युरोपी देशांनी आणि कॅनडाने पैसे भरायचे आणि माल अमेरिकेकडून घ्यायचा.

आकडे वाचताना माल कोणत्या किमतीला धरला आहे, हे जरूर पाहा. जून २०२३ मध्ये पेंटागॉनने जाहीर केले की, दिलेल्या मालाची किंमत ६.२ अब्ज डॉलरने जास्त धरली गेली होती. वापरलेल्या जुन्या वस्तूला आज नवी घेण्याचा भाव लावला होता. किंमत दुरुस्त केल्यावर तेवढ्या रकमेचा माल आणखी देता आला. युरोपी संघाची अडचण वेगळी होती. मार्च २०२३ मध्ये बारा महिन्यांत दहा लाख गोळे देण्याचे ठरले, मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या थोडे पुढे गेले होते. पैसा होता. गोळ्याचे कवच घडवणारी भट्टी आणि दारू बनवणारे कारखाने मात्र दशकानुदशके शांततेच्या मापाने चालले होते. या दारूचा कच्चा माल आपल्या ओळखीचा आहे : सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, म्हणजे लिंटर. त्यापासून नायट्रोसेल्युलोज होते. युरोप ते लिंटर फार मोठ्या प्रमाणात चीनकडून घेत आला आहे, ही बाब गोळ्यांचा तुटवडा पडल्यावरच चर्चेत आली.

प्रश्न (अलकापुरी) : आपल्या शहरात सी-२९५ विमाने बनणार आहेत. अशी विमाने असताना जहाज-रेल्वेचा द्राविडी प्राणायाम कशाला?

सी-२९५ साधारण नऊ टन वाहते, म्हणजे गोळ्यांची वीस-बावीस पॅलेट. आखूड धावपट्टीवर उतरून सैनिक, जखमी, सुटे भाग पोचवणे हे तिचे काम, आणि त्यात ती उत्तम आहे. सी-१७ हे मोठे अमेरिकी मालवाहू विमान सुमारे ७७ टन घेते, पण त्यात एक मोठा रणगाडा गेला की विमान भरले. वर दिलेले रोजचे साडेतीनशे टन धरले, तर फक्त १५५ मिलिमीटरसाठी रोज सी-१७ च्या चार-पाच फेऱ्या लागतील. म्हणून विमान तातडीच्या मालाला, आणि जड माल समुद्रमार्गे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या सनी पॉइंटहून दारूगोळ्याची जहाजे जर्मनीच्या नोर्डेनहामला लागतात, पुढे रेल्वे.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेने इस्रायलला हवाई मार्गाने वीस हजार टनांहून जास्त माल महिनाभरात पोचवला होता. तेव्हा युरोपातल्या बहुतेक देशांनी विमाने उतरू दिली नाहीत, आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ मिळाला म्हणूनच ते जमले. युक्रेनच्या बाबतीत तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथले आकाश नागरी विमानांना बंद आहे, म्हणून सगळे पोलंडमध्ये उतरते. ‘ऑपरेशन गंगा’त आपल्या हवाई दलाची सी-१७ विमाने विद्यार्थ्यांना आणायला याच रझेशुवला उतरली होती.

प्रश्न (मांजलपूर) : युक्रेनला दुरुस्तीसाठी तोफा परदेशी का न्याव्या लागतात? त्यांचे कारागीर कमी आहेत का?

कारागीर उत्तम आहेत. अडचण सुट्या भागांची आणि नमुन्यांच्या संख्येची आहे. एम-७७७ च्या नळीचे आयुष्य पूर्ण चार्जच्या साधारण अडीच हजार गोळ्यांचे. दिवसाला शंभर मोठे चार्ज उडवले तर पंचवीस दिवसांत नळी संपली. लहान चार्जला झीज कमी, म्हणून प्रत्येक तोफेची वही ठेवून ‘पूर्ण चार्ज’च्या हिशेबात गोळे मोजतात. वही नीट नसेल तर नळी कधी बदलायची ते कळत नाही, आणि नेम बिघडल्यावर शोध सुरू होतो. जर्मन पँझरहाउबित्से २०२२ च्या उन्हाळ्यातच बिघाडाचे संदेश दाखवू लागल्या. त्यांच्या दुरुस्तीची सोय लिथुआनियात झाली, पोलंडच्या ग्लिविचेमध्ये लेपर्ड रणगाड्यांची. आता शक्य तितके काम युक्रेनमध्येच करण्याकडे कल आहे, कारण तोफ तिकडे जाऊन परत येईपर्यंतचा वेळ आघाडीला परवडत नाही. मकरपुऱ्याच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये समजेल अशी एक गोष्ट : अमेरिकी गाड्यांवर बहुतेक बोल्ट इंचाचे, सोव्हिएत आणि युरोपी गाड्यांवर मिलिमीटरचे. पान्यांचा संच चुकीचा आला की लाखमोलाचा सुटा भाग हातात असून गाडी उभी राहते.

प्रश्न (गोत्री) : भारतीय गोळे युक्रेनमध्ये सापडले, हे खरे का?

सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने तशी बातमी दिली. युरोपी खरेदीदारांमार्फत ते पुढे गेले, असे तिचे म्हणणे होते. परराष्ट्र मंत्रालयाने ती तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हणून फेटाळली. नियम असा की, शस्त्रसामग्री ‘स्कोमेट’ या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीच्या सहाव्या वर्गात मोडते. परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो आणि माल अखेर कोण वापरणार याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. विकणाऱ्या देशाच्या संमतीवाचून पुढे विकणार नाही, अशी हमी त्यात घेता येते. ही अट किती जड पडते, ते जर्मनीला गेपार्डच्या वेळी कळले. विमानवेधी गाड्या दिल्या, पण त्यांचे ३५ मिलिमीटरचे १२,४०० गोळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेले होते आणि तटस्थतेमुळे स्वित्झर्लंडने संमती दिली नाही. शेवटी जर्मनीत उंटरल्यूस इथे नवी उत्पादनरेषा उभारावी लागली.

प्रश्न (वाघोडिया रोड) : युक्रेनची वीजकेंद्रे रोज मार खातात. वडोदऱ्याच्या परिसरात इतके ट्रान्सफॉर्मर बनतात, ते तिथे चालतील का?

वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झ, ती अडचण नाही. व्होल्टेज ही अडचण आहे. युक्रेनच्या मुख्य वाहिन्या ७५० आणि ३३० किलोव्होल्टच्या. युरोपात ४०० आणि २२०, आपल्याकडे ७६५, ४०० आणि २२०. म्हणून ७५०/३३० चा मोठा ट्रान्सफॉर्मर कुणाच्या गोदामात तयार सापडत नाही. तो मागणीनुसारच बनवावा लागतो, आणि त्याला वर्षभर किंवा जास्तही लागते. खालच्या पातळीवर आपले १३२ आणि ६६, त्यांचे ११० आणि ३५. इथेही मेळ नाही. वितरणाचे मात्र जमू शकते : त्यांचे १० किलोव्होल्ट, आपले ११. टॅपचा (व्होल्टेज थोडे कमीजास्त करण्याच्या सोयीचा) पल्ला पुरेसा असेल तर हे अंतर भरून निघते.

मोठा ट्रान्सफॉर्मर पाठवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. तेल काढून टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन किंचित जास्त दाबाने भरतात. बुशिंग, रेडिएटर, कन्झर्व्हेटर वेगळ्या पेट्यांत जातात. टाकीवर धक्के नोंदवणारे यंत्र बसवतात. इथून बंदरापर्यंत ओडीसी (नेहमीच्या मापाबाहेरचा माल वाहणारा) ट्रेलर, मग जहाज, मग रेल्वे, आणि सीमेवर पुन्हा तोच १४३५-१५२० चा प्रश्न. फक्त आता नग दोनशे टनांचा. पोचल्यावर पहिल्यांदा दाब बघायचा. तो उतरला असेल तर ओल आत गेली असे धरून आतल्या वायूचा दवबिंदू तपासायचा. धक्क्याच्या नोंदीत मर्यादेपलीकडचा आकडा दिसला तर गाभा सरकला आहे का, हे पाहिल्याशिवाय तेल भरायचे नाही. त्यानंतर व्हॅक्यूम, तेल गाळणे आणि चाचण्या, यात आठवडे जातात. बसवलेला नग उघडा ठेवत नाहीत. भोवती दगडमातीच्या जाळीदार पेट्या, आणि महत्त्वाच्या ठिकाणी काँक्रीटचे कवच उभारतात.

आपण वितरण ट्रान्सफॉर्मर देऊ इच्छिता, असे पत्रात आहे. तशी विचारणा करताना नेमप्लेटवरचा सगळा तपशील द्या : केव्हीए, व्होल्टेजचे गुणोत्तर, टॅपच्या पायऱ्या, व्हेक्टर ग्रुप (वेटोळ्यांच्या जोडणीची पद्धत), टक्केवारी इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध), तेलासकट आणि तेलाविना वजन, वाहतुकीची उंची. व्हेक्टर ग्रुप आणि इम्पीडन्स जुळले नाहीत, तर तो तिथल्या चालू ट्रान्सफॉर्मरशी समांतर जोडता येणार नाही, एकट्यानेच चालवावा लागेल. त्यामुळे हे दोन आकडे आधी कळवा.